पेर्मीनचं कोनफळ

दुपारचे दोन वाजले तरी माझा नवरा पेर्मीन वरच्या रानातून परतला नव्हता, आणि तो नेमका कुठे आहे हे मी कुणालाही विचारू शकत नव्हते.

सकाळी उजाडताना पहार, कोयता आणि दोराचं भेंडोळं घेऊन तो निघाला होता. बारापर्यंत येतो म्हणाला. कोनफळाच्या चहूबाजूंची माती काढून ते मोकळं करायचं, तेवढंच एकट्याचं काम होतं. मग जेवून, माझ्या भावांना आणि त्यांच्या माणसांना घेऊन पुन्हा वर जायचं, कोनफळ लाकडी वाशांना बांधायचं, पानांनी झाकायचं आणि खांद्यांवरून खाली आणायचं, असं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी वाडीच्या प्रमुखांच्या सभाघरात मेजवानी होती. माझे भाऊ पलीकडच्या वाडीत अकरा वाजल्यापासून तयार होऊन बसले होते. मी भात आणि मासे करून झाकून ठेवले होते. नऊ वाजता लागलेला पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता.

निघताना दारात थांबून तो म्हणाला होता, "कितीही उशीर झाला तरी माझ्यामागे कुणाला पाठवू नकोस, यासुको."

"इतक्या वर्षांत कधी पाठवलंय का?"

"म्हणूनच सांगतोय. आज तुझा धीर सुटेल."

आमच्या पोनपे बेटावर माणसाला काहीही विचारा. बायकोशी का भांडलास, मुलगी कुणाबरोबर पळाली, दात कसा पडला, सगळं विचारा, तो सांगेल आणि वर हसेल. पण तुझं कोनफळ कुठे आहे असं विचारायचं नाही. रानातून जाताना दुसऱ्याचा वेल झाडावर चढलेला दिसला तर मान खाली घालून पुढे जायचं. जो थांबून बघतो तो आमच्यात चोर. कुणाची कोंबडी चोरली तर लोक चार महिन्यांत विसरतात, हे मात्र नातवंडांपर्यंत सांगतात. ज्याचं कोनफळ असतं त्यानेही त्याबद्दल चकार शब्द काढायचा नसतो. मेजवानीच्या आदल्या दिवशी भेटला तर रडक्या तोंडाने सांगणार, यंदा काही खरं नाही, उंदरांनी खाल्लं. आणि दुसऱ्या दिवशी सहा माणसं घामाघूम होऊन त्याचं कोनफळ सभाघरात आणणार. आम्ही कोनफळ तोलत नाही, किती माणसांचं आहे ते सांगतो. आणि त्यावरून माणूस किती मोठा ते ठरतं.

पेर्मीनचं कोनफळ कुठे आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. नऊ वर्षं तो दर आठवड्याला वर जात होता, दर खेपेला वेगळ्या वाटेने, म्हणजे पायवाट पडायला नको.

तो पाणी खात्यात पंपांचा मेकॅनिक. कुठल्या गावातलं पाणी बंद पडलं की पाना आणि ग्रीसचा डबा घेऊन जाणार, संध्याकाळी पाणी सुरू झालं की लोक नळाखाली बादल्या लावणार आणि त्याला विसरणार. लग्न झालं तेव्हा तो गमत्या होता, पुढे नुसता पिणारा झाला. शुक्रवारी कामावरून सुटला की थेट रविवारी घरी यायचा, आणि तोही अर्धामुर्धा. वाडीतली त्याची पदवी शेवटून दुसरी होती. पदवी म्हणजे आमच्यात माणसाचं खरं नाव. सभाघरात साकाऊ नावाच्या झुडपाची मुळं दगडांवर ठेचून त्यांचा गुंगी आणणारा रस गाळतात, करवंटी भरतात, आणि एकेक पदवी मोठ्याने पुकारून ती पाजतात. मांसाचे वाटेही तसेच. आधी प्रमुख, मग त्यांच्या खालचा, मग त्याच्या खालचा. बाकी सगळे आपली पाळी येईस्तोवर गप्प बसून राहतात.

बारा वर्षांपूर्वी एका मेजवानीत पेर्मीनचा पुकारा बावीस वर्षांच्या एका पोराच्याही नंतर झाला. उरलेलं टोकाचं हाड त्याच्यापुढे आलं. कोणीतरी मागून म्हणालं, पंपवाल्याला जागं करा रे, नाहीतर थेट रविवारीच उठेल. सभाघर हसलं. मीही खाली मान घालून हसले, सगळे हसत होते म्हणून. पेर्मीनने ते पाहिलं.

तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी त्याच्या मामाकडे गेला. मामा अंथरुणाला खिळलेला होता, पण जुन्या जातीचं एक कोनफळ त्याने कुणाला न सांगता जपलेलं होतं. त्या कोनफळाचं डोकं, म्हणजे कोंब फुटणारा वरचा भाग, कापून, पानात गुंडाळून त्याने भाच्याला दिलं. पेर्मीनने तीन वर्षं खड्ड्यांचा सराव केला, म्हणजे साधी कोनफळं लावून पाहिली. मग तोवर परसात जगवलेलं मामाचं वाण वर नेऊन लावलं, आणि नऊ वर्षं काढलंच नाही. वेल दर वर्षी वाळतो, माणसं खणून काढतात आणि खातात. त्याने जमिनीतच ठेवलं, दर वर्षी भोवतीची माती मोकळी करून कुजका पाला भरत राहिला.

त्या कोनफळाने माझा नवरा मला परत दिला, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. ज्याला उठवायला मी तोंडावर पाणी ओतत होते तो पहाटे उठून लाकडं फोडायला लागला. बाटली सुटली. पंपांवरही त्याचा हात बसला; पूर्वी ठोकून काम भागवायचा, आता कान लावून ऐकायचा. वरच्या साहेबांनी त्याला पाच पंपांचा मुकादम केला. मुलगी गुआमला नर्सिंग शिकायला गेली ती त्याच्या जोरावर. माणसाला काहीतरी मोठं हवं असलं की त्याची पाठ आपोआप ताठ होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण गेल्या वर्षी ईस्टरनंतर वाडीतला वरून चौथा पदवीधारी वारला आणि ती जागा रिकामी झाली. तेव्हापासून आमच्या घरातली हवा बदलली. प्रमुख काही बोलले नव्हते, पण सगळ्यांना कळत होतं की ती पदवी दोघांपैकी एकाला जाणार, मेजवानीत ज्याचं कोनफळ मोठं ठरेल त्याला. एक पेर्मीन आणि दुसरा त्याचा चुलतभाऊ लुदविक. दोघांच्या वयात सात महिन्यांचं अंतर, लहानपणी एका होडीत वाढलेले. आता रस्त्यात भेटले की एकमेकांना इतकं गोड बोलायचे की ऐकणाऱ्याला घाम फुटावा.

पेर्मीन झोपेत बोलायला लागला. मुलगी गुआमला निघाली त्या दिवशी वेलाला कीड लागली म्हणून तो विमानतळावर आलाच नाही. मुलगी काचेपलीकडे गेली तरी मागे वळून बघत होती. त्याला साखरेचा आजार आहे. ऑगस्टमध्ये डाव्या पायाला पहार लागून जखम झाली, ती बरी होईना. डॉक्टरांनी सांगितलं की चिखलात जायचं नाही, पाय जाईल. तो पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून वर गेला.

ती पिशवी मीच बांधून दिली. नवऱ्याला पदवी मिळाली की बायकोलाही तिच्या जोडीची पदवी मिळते, बायकांच्या रांगेत पुढे जागा मिळते. मला ती जागा हवी होती. त्या दिवशी मी हसले होते ना, त्यानंतर तर फारच हवी होती. घरात मी त्याची थट्टा करायचे की एवढा मोठा झालास की तुला अहो म्हणावं लागेल, तर मी आपली माहेरी जाते. तो म्हणायचा, आत्तापासून सवय कर.

तर दोन वाजले. तेव्हाच मी उठायला हवं होतं. काहीतरी बिनसलंय हे मला बारा वाजताच कळलं होतं. पण भावांना बोलावलं असतं तर वाडीभर झालं असतं की पेर्मीनची बायको त्याच्या कोनफळामागे माणसं घेऊन फिरतेय. तो सुखरूप असता तर मेजवानीआधीच त्याचं हसं झालं असतं, आणि या वेळी त्याला कारण मीच झाले असते. मी भात पुन्हा गरम केला. मासे पुन्हा झाकले. पायरीवर बसून डोंगराकडे बघत राहिले आणि पावसाला शिव्या दिल्या. तीन वाजले. मी स्वतःला सांगितलं, अजून थोडं थांबू. ते थोडं थांबणं आजही माझ्या छातीवर बसलेलं आहे.

साडेतीनला मी उठले आणि एकटीच वर गेले. जुन्या नीरफणसाच्या झाडांपर्यंत वाट आहे, पुढे नुसतं रान. मी त्याच्या नावाने हाका मारल्या. पाऊस पानांवर असा वाजत होता की माझा आवाज मलाच येईना. अर्धा तास काट्यांतून फिरले, दोनदा घसरून पडले, आणि डोंगर किती मोठा आहे ते मला तेव्हा कळलं. खाली येताना भेटलेल्या पहिल्या माणसाला सांगितलं की माझ्या भावांना निरोप दे, जितकी माणसं असतील तितकी घेऊन नीरफणसांपाशी या. आणि मी लुदविकच्या घरी गेले, कारण सगळ्यात जवळचं घर त्याचं होतं.

तो पडवीत दोर वळत बसला होता. बायको सेर्पीना केळीची पानं पुसत होती. घरामागे पानांच्या ढिगाखाली काहीतरी लांबलचक झाकून ठेवलेलं होतं. मी नजर दुसरीकडे वळवली. म्हणजे त्याचं खाली आलेलंसुद्धा होतं.

मी ओली चिंब, पाय रक्ताळलेले, तरी रीत पाळायचीच. बसले. पावसाबद्दल बोलले. मग सांगितलं की पेर्मीन सकाळपासून वर गेलाय आणि आलेला नाही. लुदविक म्हणाला, येईल. सेर्पीना म्हणाली, "तो कुठे असतो ते आम्हाला काय ठाऊक, बाई. आम्ही लोकांच्या रानात जात नाही." ती हे जरा जास्तच ठासून म्हणाली.

लुदविकचे हात थांबले होते. तो माझ्याकडे बघत नव्हता. पडवीतून डोंगर दिसतो, त्याच्या डाव्या अंगाला काळा कातळ आहे आणि त्यावरून पावसात पाणी कोसळतं. लुदविक त्या कातळाच्या वर, एकाच जागेकडे बघत होता. शोधत नव्हता. जागा ठाऊक असलेला माणूस बघतो तसा बघत होता.

जे बोलायचं होतं ते बोलल्यावर ते परत घेता येणार नव्हतं. खरं नसतं तर दोन्ही घरांचं बोलणं तीन पिढ्या तुटलं असतं.

"भावोजी," मी म्हटलं, "तुम्हाला जागा माहीत आहे."

सेर्पीनाच्या हातातलं पान खाली पडलं. ती मला काय काय बोलली ते मी इथे सांगत नाही, तिच्या जागी मीही तेच बोलले असते. लुदविकची मान एवढी खाली गेली की मला त्याचा फक्त टाळूचा भाग दिसत होता. मग तो उठला, कोयता आणि दोर घेतला, आणि पावसात उतरून चालायला लागला. मी मागे धावले.

नीरफणसांपाशी तो थांबला नाही. ओढ्यापाशी तीन वाटा फुटतात, तिथेही नाही. एक पडलेलं झाड ओलांडताना त्याने न बघता नेमका खाचेत पाय ठेवला. एका जागी वेलांची जाळी होती, त्याने ती बाजूला सारली तर आत माणूस जाईल एवढी वाट. प्रत्येक वळणावर मला कळत होतं की हा इथे एकदा नाही, कितीतरी वेळा आलाय. त्यालाही कळत होतं की मला कळतंय. आम्ही दोघं तसेच चढत होतो. मला त्याचा राग यायला हवा होता. पण मी मनात देवाला म्हणत होते की बरं झालं हा चोर निघाला.

कातळाच्या वर एका मोठ्या झाडाखाली खड्डा होता. पेर्मीनने उताराच्या बाजूने चर खणून कोनफळाच्या खाली जायची वाट केली होती. भिजून वरची बाजू कोसळली होती. कोनफळ आपल्या जागेवरून सुटून खाली बसलं होतं, पेर्मीनच्या डाव्या पायावर, आणि चर मातीने बंद झाल्यामुळे डोंगराचं पाणी खड्ड्यात साठत होतं. ते त्याच्या काखेपर्यंत आलं होतं. चेहरा राखेच्या रंगाचा. तो शुद्धीवर होता.

त्याने आधी लुदविककडे पाहिलं.

"तू इथे कसा आलास?"

लुदविक काठावर बसून दोर सोडवायला लागला. मी म्हटलं, "मी आणलं त्यांना. मी शोधलं."

पेर्मीनने माझ्याकडे पाहिलं. मी इतक्या वर्षांत त्याच्याशी खोटं बोलले नव्हते असं नाही, पण इतकं उघडं पडणारं कधी बोलले नव्हते.

लुदविक खड्ड्यात उतरला. आधी हातांनी माती उपसली, मग कोनफळाला दोर घातला. दोर झाडाला वळसा देऊन आम्ही दोघांनी ओढला. माझे तळहात सोलले. ते कोनफळ बोटभरही हललं नाही. लुदविकने पहार खाली घालून रेटा दिला, पहार चिखलात रुतत गेली. चर मोकळा करायला गेलो तर वरची माती आणखी खाली आली. पाणी पेर्मीनच्या खांद्यापर्यंत चढलं.

"दहा-बारा माणसं लागतील," लुदविक म्हणाला.

"मग आण," पेर्मीन म्हणाला. "मी थांबतो."

"पाणी थांबणार नाही."

"मी थांबतो म्हटलं ना."

मी म्हटलं, माझे भाऊ येतायत, पण त्यांना ही जागा ठाऊक नाही, त्यांना आणेपर्यंत तास जाईल. पाणी कुठवर आलंय बघ, तासभर तुझ्याकडे नाही. तोडायला लागेल. ते ऐकून पेर्मीनने दोन्ही हात त्या कोनफळावर टाकले, तान्ह्या पोराला पोटाशी धरावं तसे. आणि लुदविककडे बघून म्हणाला, "तुला हेच हवं होतं."

लुदविकने कोयता उचलला होता, तो हात तिथेच थांबला. मला त्याची अडचण दिसली. त्याचं कोनफळ खाली घरामागे झाकलेलं होतं. आज त्याने हे तोडलं तर उद्या पदवी त्याची, आणि मरेपर्यंत लोक म्हणणार की लुदविकने स्वतःच्या हाताने पेर्मीनचं कोनफळ तोडून पदवी घेतली. नाही तोडलं तर भाऊ बुडणार.

मी खड्ड्यात उतरले आणि त्याच्या हातातून कोयता घेतला.

"यासुको, नको," पेर्मीन म्हणाला. "नऊ वर्षं आहेत ती."

"माझीही आहेत," मी म्हटलं, आणि घाव घातला.

पहिला घाव सालीत अडकला. दुसऱ्याला आतलं पांढरं दिसलं आणि चिकट पाणी माझ्या तोंडावर उडालं. मग मी मोजले नाहीत. मी रडत होते आणि त्याला शिव्या देत होते, पेर्मीनला, लुदविकला, प्रमुखांना, आणि त्या सभाघरात हसलेल्या यासुकोला. पुढची रांग माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मी तोडत होते. लुदविक तुटलेले तुकडे खांद्याने काठावर ढकलत होता. पेर्मीन एकदाच ओरडला, पाय मोकळा झाला तेव्हा. आम्ही त्याला काखेत धरून वर ओढलं तेव्हा पाणी त्याच्या हनुवटीला लागलेलं होतं.

लुदविकने त्याला पाठीवर घेतलं आणि तोच खाली घेऊन निघाला. नीरफणसांपाशी माझे भाऊ अकरा माणसांसह उभे होते. त्यांनी आम्हाला पाहिलं, लुदविकला पाहिलं, आणि कुणी काही विचारलं नाही. रस्त्यावर पिकअप मिळाला. तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो.

दुसऱ्या दिवशी मला मेजवानीला जावं लागलं. मरण सोडून दुसऱ्या कशासाठी घरचं माणूस गैरहजर राहत नाही. पेर्मीनला सलाइन लावून नर्स बसली होती, ती माझ्या मुलीच्या बरोबरीची. मी तेच ओले कपडे वाळवून घातले आणि गेले.

लुदविकचं कोनफळ दहा माणसांनी आणलं. सभाघरात त्याच्या जवळपासही दुसरं काही नव्हतं. पुरुषांनी रिवाजाप्रमाणे तिकडे न बघण्याचा प्रयत्न केला, पण सगळे बघत होते. साकाऊची पहिली करवंटी प्रमुखांनी घेतली. मग त्यांनी पेर्मीनची विचारपूस केली. लुदविकने भावाला पाठीवर वाहून आणलं हे त्यांच्या कानावर होतंच, त्यांनी त्याचं कौतुक केलं, आणि सहज म्हणून विचारलं की एवढ्या पावसात जागा सापडली कशी.

मुळं ठेचणाऱ्यांचे दगड थांबले. प्रत्येकाच्या मनात तोच प्रश्न होता. मी बायकांमधून म्हणाले, "मी दाखवली. मला ठाऊक होती."

तिथेच संपलं असतं. प्रमुखांनी मान हलवलीसुद्धा. लुदविकने फक्त गप्प राहायचं होतं. मी मनापासून म्हणत होते की गप्प राहा, माणसा, एवढं तरी तुझं राहू दे.

"वहिनी खोटं सांगतात," लुदविक म्हणाला. "त्यांना ठाऊक नव्हती. मला होती. मी तीन वर्षं जात होतो बघायला."

तो उठला. कुणाकडे न बघता सभाघराच्या पार टोकाला, चुलीजवळ, जिथे लाकडं आणणारी पोरंसोरं बसतात, तिथे जाऊन बसला. सेर्पीना हातांनी तोंड झाकून बाहेर गेली. मुळं ठेचणाऱ्यांनी आपले दगड पुन्हा वाजवायला सुरुवात केली, कारण काहीतरी आवाज व्हायला हवा होता. चौथी पदवी त्या दिवशी कुणालाच पुकारली नाही. पुढे ती शाळेच्या हेडमास्तरांना मिळाली. भला माणूस आहे, कोनफळातलं त्याला ओ की ठो कळत नाही.

तिसऱ्या दिवशी पेर्मीनचा डावा पाय घोट्याच्या वरून काढला. दोन तास आधी आणला असता तर वाचला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. माझे भाऊ खड्ड्यातून पाच टोपल्या भरून तुकडे घेऊन आले. वरचं डोकं पुन्हा लावता येतं म्हणून थोरल्याने ते वेगळं काढून घरामागे सावलीत ठेवलं. मी तिकडे गेले नाही.

पेर्मीनला सगळं कळलं होतं. दवाखान्यात भेटायला येणारी माणसं गोष्ट बाहेर ठेवून थोडीच येतात. लुदविक काय बोलला ते तीन जणांनी त्याला तीन तऱ्हांनी सांगितलं. त्याने तिन्ही वेळा भिंतीकडे तोंड केलं. माझ्याशी तो कामापुरतं बोलत होता. पाणी दे. पंखा लाव. कोनफळाचं नावही नाही. मी त्याला म्हटलं की रागाव, ओरड, पण असा पडून राहू नकोस. तो म्हणाला, ओरडून काय होणार. मला तो पूर्वीचा शुक्रवारचा पेर्मीन दिसायला लागला.

नवव्या दिवशी लुदविक आला. हातात चार शहाळी. दारातच थांबला. खोलीत आणखी दोन आजारी होते, त्यांनीही माना वळवल्या. मी उठून शहाळी घेतली, बसा म्हटलं, पण तो बसला नाही. पेर्मीन छताकडे बघत होता.

तसाच बघत तो म्हणाला, "कधी जायचास?"

"शनिवारी. तू पंपावर असायचास तेव्हा."

"हात लावलास?"

"एकदा." लुदविकचा आवाज बसलेला होता. "माती सारून खांदा चाचपला. कुठवर जातो ते बघायला हात फिरवत गेलो, तर शेवट सापडेना. परत माती लोटली आणि घरी आलो. दोन दिवस मला जेवण गेलं नाही."

पेर्मीन त्याच्याकडे वळला. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्याने कुणाकडे नीट पाहिलं. मला तेव्हा समजलं की त्याच्या नऊ वर्षांना या जगात एकच साक्षीदार होता. मी ते तोडलं होतं, पण मी ते पाहिलं नव्हतं, मी फक्त चिखल आणि पांढरे तुकडे पाहिले. भावांनी टोपल्या पाहिल्या. अखंड कोनफळ मातीच्या अंधारात हाताने ओळखलेला दुसरा माणूस हा एकटाच.

"किती माणसांचं होतं?" पेर्मीनने विचारलं.

आमच्याकडे हे कुणी स्वतःच्या कोनफळाबद्दल विचारत नाही. लुदविकने थोडा विचार केला. मन राखायला बोलत नव्हता, खरंच आठवत होता.

"बारा," तो म्हणाला.

पेर्मीनचे ओठ हलले. मग तो सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला, "चौदा."

लुदविकने त्याच्याकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला, "चौदा." आणि पुढे येऊन पलंगाच्या कडेला, जिथे पेर्मीनचा डावा पाय असायला हवा होता त्या मोकळ्या जागेत, सावकाश बसला.